तटस्थ डोंगरी राजधानी कशी रचावी: सातपुड्याच्या साच्यातलं तिनबारी

कथेसाठी किंवा टेबलावरच्या खेळासाठी काल्पनिक राज्य रचायला बसलं की बहुतेकांचा हात आधी राजवाड्याकडे जातो. मग राजाचं नाव, मग झेंडा. तटस्थ शहर असं रचलं तर दुसऱ्या प्रकरणात किंवा खेळाच्या तिसऱ्या बैठकीत कोसळतं, कारण ‘याला अजून कुणी गिळलं कसं नाही?’ या साध्या प्रश्नाला उत्तर नसतं. म्हणून आधी शेजारी काढा, त्यांचं आपसातलं वैर ठरवा आणि त्या वैराच्या फटीत शहर बसवा.

खानदेशात राहणाऱ्याला याचं उदाहरण लांब शोधावं लागत नाही. फारुकी सुलतानांचं राज्य १३८२ च्या सुमारास थाळनेरला उभं राहिलं आणि १६०१ पर्यंत टिकलं. पश्चिमेला गुजरातची सल्तनत, उत्तरेला माळवा, दक्षिणेला आधी बहमनी आणि नंतर निजामशाही. तिघेही फारुकींपेक्षा बलाढ्य. फारुकी तटस्थ मुळीच नव्हते. लढले, सोयरिकी केल्या, गुजरातपुढे वाकलेही. पण टिकले, कारण तिघांपैकी एकाने खानदेश घेणं बाकीच्या दोघांना परवडणारं नव्हतं. अकबराने १५६२ पर्यंत माळवा घेतला, १५७३ पर्यंत गुजरात घेतला, १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला, आणि जानेवारी १६०१ मध्ये फारुकींचा असीरगड गेला. किल्ला तोच, डोंगर तोच. पण तीन बाजूंना एकच धनी झाला होता. तुमच्या कथेचा शेवट काहीही असो, हे कोष्टक भिंतीवर लावून ठेवा.

नकाशा

एक मोठी कार्डशीट घ्या, ५६ × ७१ सेंटिमीटरची, स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती. प्रमाण १ सेंटिमीटरला १ किलोमीटर. नंदुरबारच्या बाजूला तापी ते नर्मदा हे हवाई अंतर ५०-६० किलोमीटरच्या घरात आहे, म्हणजे दोन्ही नद्या आणि मधला सगळा सातपुडा एका कागदावर मावतो. साचा सातपुड्याचा घ्या, राज्यं तुमची. खरी गावं ठेवली तर वाचणारा आपल्या मामाचं गाव शोधत बसतो.

शहर शिखरावर ठेवू नका. शिखराला पाणी नसतं. ते घाटवाटेवरही नको, कारण वाटेवरचं शहर म्हणजे नाका; पहिल्याच फौजेला ते लागतं. आपला डोंगर काळ्या दगडाच्या थरांचा, पायऱ्या-पायऱ्यांचा, वरून सपाट. कठीण थर आणि त्यावरचा झिजलेला, भोकाभोकांचा थर यांच्या सांध्यातून झरे फुटतात. शहर त्या सांध्याजवळच्या पठारावर बसवा आणि घाटवाटेपासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर ठेवा. वाट दिसली पाहिजे, पण शहर वाटेत आलं नाही पाहिजे. असीरगड उत्तर-दक्षिण वाटेवर असाच नजर ठेवून आहे आणि बुऱ्हाणपूर खाली तापीकाठी व्यापार करत बसलंय. तोरणमाळचं पठार पाहिलेलं असेल तर उत्तम. हजार मीटरांहून उंच, मध्ये तलाव, कडेला दऱ्या. मे महिन्यात जळगाव ४४ अंशांवर भाजत असतं तेव्हा वर पाच-सहा अंश कमी असतात. शेजारी राजांचे वकील, सावकार आणि राजपुत्र उन्हाळ्यात वर का येतात याचं कारण तुम्हाला फुकट मिळालं.

आपल्या शहराचं नाव तिनबारी. बारी म्हणजे खिंड, आपल्याकडे सर्रास वापरात असलेला शब्द. तीन बाऱ्या म्हणून तिनबारी. (सातबारी ठेवायचा मोह होतो, ठेवू नका, निम्मे लोक सातबारा वाचतील.) नावं रचताना -नेर, -पाडा, -खेडे, -बारी हे शेपूट जमिनीप्रमाणे लावा. नेर सपाटीवर, पाडा डोंगरात. डोंगरमाथ्यावर ‘अमुकपूर’ लिहिलंत तर तिथं खालून कुणी तरी येऊन राज्य केलं, असा अर्थ निघतो. तसं ठरवलं असेल तरच लिहा.

पायथा ३०० मीटरवर, पठार ११०० मीटरवर आणि घाटवाट १८ किलोमीटरची धरा. लादलेला बैल घाटात तासाला अडीच किलोमीटर चालतो, शिवाय दोनदा विसावा. म्हणजे चढायला अख्खा दिवस. फौज सकाळी पायथ्याला दिसली तर ती दिवेलागणीला बारीत पोहोचते, पण टेहळणीच्या टेकड्यांवरून धूर किंवा नगारा अर्ध्या तासात पोहोचतो. मधले नऊ-दहा तास हेच तुमचं नाट्य. वाट पाच किलोमीटरची काढलीत तर दरबार भरायलाही वेळ उरत नाही.

पोट, पाणी आणि मीठ

हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि नेमका इथेच सगळा मजकूर दडलेला असतो.

लोकसंख्या ८,००० धरा. लाखाचं शहर डोंगरावर लिहिणाऱ्याने कधी घाटाने पोतं नेलेलं नसतं. माणशी रोज अर्धा किलो धान्य धरलं तर दिवसाला ४० क्विंटल, वर्षाला १४,६०० क्विंटल. पठार १५ चौरस किलोमीटरचं. त्यात तलाव, वस्ती, कुरण, खडक वजा करून ८०० हेक्टर पेरा उरतो. डोंगरी नागली-भगर-ज्वारीला हेक्टरी ५ क्विंटल धरा, की आले ४,००० क्विंटल. म्हणजे शंभर दिवसांचं खाणं. उरलेलं १०,६०० क्विंटल खालून यायचं. एका बैलाच्या पाठीवर साधारण एक क्विंटल आणि वाट सुरू असते ते आठ महिने, म्हणजे रोज ४४ बैल. हा आकडा लाल शाईने लिहा. तिनबारीचं स्वातंत्र्य म्हणजे रोजचे ४४ बैल.

हे बैल कुणाचे? लमाणांचे. तांडे दोन्ही बाजूंच्या फौजांना धान्य पुरवत आणि दोन्ही बाजू त्यांना सहसा हात लावत नसत, कारण त्यांना लुटलं की दुसऱ्या दिवशी स्वतःची छावणी उपाशी. तटस्थता शहराच्या आधी या तांड्यांकडे होती. तांड्याचा एखादा नायक, म्हणजे म्होरक्या, तुमच्या पात्रांमध्ये हवाच. त्याला राजापेक्षा जास्त बातम्या असतात.

पाणी: माणशी २० लिटर, २,००० जनावरांना प्रत्येकी ४० लिटर. दिवसाला २४० घनमीटर, कोरड्या २४० दिवसांना ५७,६००. तलाव ५ हेक्टरांचा आणि सरासरी ३ मीटर खोल असेल तर भरल्यावर दीड लाख घनमीटर मावतं. पण आपल्या उन्हात आठ महिन्यांत दीड मीटर पाणी तसंच उडून जातं. उरतं ७५,०००. पुरतं, पण एक पावसाळा हुकला तर नाही. बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यासारखी जमिनीखालची पाटवाट काढायची असेल तर जरूर काढा. १६१५ ची ती रचना सातपुड्याचं भूजल निव्वळ उताराने शहरात आणते, विहिरी एकमेकींना आतून जोडलेल्या. फक्त तिचा उगम शहराच्या वर असावा लागतो आणि पठाराच्या वर काही नसतं. म्हणून ती कडेच्या उंच सोंडेवरून आणा. तिची एखादी विहीर तटाबाहेर राहतेच. फितुराला ती पुरेशी आहे.

साठवण: वाट मृगापासून दसऱ्यापर्यंत बंद. म्हणजे १२० दिवसांचं ४,८०० क्विंटल धान्य ७ जूनच्या आत वर पाहिजे. प्रत्येकी ५० क्विंटलची शंभर पेवं, म्हणजे धान्य साठवायचे जमिनीतले खड्डे, लागतील. इथे एक चूक नेहमी होते: खालच्या गावात चालणारं पेव डोंगरी पावसात पाझरतं आणि तळाचं धान्य कुजतं. पेवं उताराच्या, पाणी न थांबणाऱ्या मुरमात घ्या, आत कडब्याचं आणि भुशाचं अस्तर द्या. पावसाच्या तोंडाची बाजू असेल तिथे ओट्यावर कणग्या ठेवा. पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही. आतली हवा मारते. आधी काही तास तोंड उघडं ठेवतात, मग दिवा सोडून पाहतात. दिवा विझला तर थांबायचं. वेढ्यात घाई झालेल्या कोठीवाल्याने दिवा न सोडता पोराला उतरवलं, हा प्रसंग तलवारबाजीच्या दहा पानांपेक्षा जड ठरतो.

मिठाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. माणशी वर्षाला ४ किलो म्हणजे ३२० क्विंटल, जनावरांचं वेगळं. डोंगरात मीठ पिकत नाही. ३२० बैल म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण धान्याला दुसरा बाजार सापडतो, मिठाला समुद्राकडचाच रस्ता.

शेजारी

तीन बाहेरचे, एक आतला. प्रत्येकाची जमीन आधी, राजा नंतर.

दक्षिणेला काळवट. काळ्या मातीचं सपाट राज्य, ज्वारी, कापूस, तेलबिया. धान्य इथूनच येतं. यांना उन्हाळ्यात चारा आणि बाराही महिने साग लागतो. उत्तरेला रेवापाट, नर्मदेकाठचं. गहू, घोडे आणि चढाईची सवय. यांना दक्षिणेत उतरायला बारी हवी. पश्चिमेला बंदरपट्टी: रोकड, मीठ, शिसं, नारळ, फौज भाड्याची. यांना हुंडी वटणारी, कुणाच्याच हाताखाली नसलेली पेढी हवी.

चौथे शेजारी म्हणजे डोंगरातले पाडे आणि त्यांचे नाईक. कल्पित राज्यांत यांना जंगलातली सजावट करून टाकतात. ही चूक तर आहेच, शिवाय आपल्या डोंगराबद्दल अडाणीपणाही आहे. शहर पठारावर नंतर आलं, वाटा यांच्या आहेत. रखवालीचा हक्क म्हणून प्रत्येक बैलामागे काही तरी त्यांना मिळतं. ते शहरावर चालून येत नाहीत. एक रात्र दगड लोटतात आणि वाट बंद होते. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला ते हजारोंनी येतात. त्या बाजारावर कर बसवायची हुशारी एखाद्या दिवाणाला सुचतेच. सुचू द्या, आणि मग काय होतं ते लिहा.

बोलीत फरक ठेवा. घाटाखालचा व्यापारी अहिराणीत घासाघीस करेल, नाईक भिली किंवा पावरीत बोलेल, दरबारी कागद तिसऱ्याच भाषेत असेल. काळवटचा म्हातारा वकील कोठीवाल्याला आदराने ‘जिभाऊ’ म्हणेल. रेवापाटचा वकील नुसतं नाव घेईल, आणि तेवढ्यावरून दोघांची पत कळेल.

आकडे

बाहेरच्या प्रत्येक शेजाऱ्याला तीन आकडे द्या. गरज: शहर मोकळं राहण्यात त्याचा किती फायदा. धास्ती: आपण हात घातला तर दुसरा तुटून पडेल ही भीती. लालूच: घ्यावंसं किती वाटतं. लालूच जर गरज अधिक धास्तीपेक्षा जास्त झाली तर तो चालून येतो. बरोबरी झाली तर थांबतो.

सुरुवात अशी: रेवापाट गरज ३, धास्ती ५, लालूच ६. काळवट गरज ५, धास्ती ३, लालूच ६. बंदरपट्टी गरज ४, धास्ती २, लालूच ३. पाड्यांना एकच आकडा, मन: ६. ते ३ च्या खाली गेलं की रोजच्या ४४ बैलांचे २२ होतात.

आता चालवून पाहा. रेवापाटचा वकील येतो: आमचे ३०० घोडेस्वार तुमच्या बारीतून खाली जाऊ द्या, रात्री, कुणाला कळणार नाही. जाऊ दिले तर रेवापाटची गरज एकने वाढते. पण काळवटची लालूच दोनने चढून ८ होते आणि रागात त्याने धान्य रोखलं की त्याची गरज एकने उतरते: ४ अधिक ३ म्हणजे ७. आठ सातापेक्षा मोठे. काळवट निघाला. नाही म्हटलं तर रेवापाटची लालूच ७, त्याची बेरीज ८, धुसफुसत थांबेल. ‘नाही’ म्हणणं स्वस्त पडलं. पण हीच मागणी तिसऱ्यांदा आली की स्वस्त पडत नाही, म्हणून दर नकारासोबत काही तरी द्यावं लागतं: दाण्याची सवलत, एखादा न्यायनिवाडा, जखमींना वाट. १९०७ च्या हेग करारात तटस्थ देशांचे नियम लिहिलेत, त्यातही हाच भेद आहे. लढणाऱ्यांच्या फौजा आणि त्यांची रसद तटस्थ भूमीतून जाऊ द्यायची नाही. जखमींना जाऊ देता येतं, मात्र त्यांच्यासोबत लढणारी माणसं आणि दारूगोळा नसला पाहिजे.

पळून आलेल्या फौजेचं काय, हा त्याच कराराचा दुसरा उपयोगी नियम. हत्यार काढून घ्यायचं आणि लढाईपासून शक्य तितकं लांब ठेवायचं. १८७१ मध्ये पराभूत फ्रेंच फौजेचे सुमारे ८७,००० सैनिक स्वित्झर्लंडमध्ये शिरले तेव्हा तिथे असंच केलं. सरहद्दीवर हत्यारं घेतली आणि माणसं निरनिराळ्या भागांत वाटली. तुमच्या ८,००० च्या शहरात ६०० हरलेले शिपाई आले तर? दिवसाला ३ क्विंटल धान्य, म्हणजे आणखी तीन बैल. कोठीवाला पहिल्याच संध्याकाळी हा हिशोब सांगेल आणि त्याचं तोंड बघण्यासारखं असेल.

कर्जाबद्दल सावध. तिनबारीचे सराफ राजांना पैसे देतात, ते चांगलंच. राजाच्या वर्षाच्या वसुलीच्या पावपटीपर्यंत कर्ज असेल तर त्याची गरज एकने वाढवा. त्यापुढे गेलं की गरज नाही, लालूच दोनने वाढते. शहर घेतलं की कर्जही बुडालं, हे त्यालाही कळतं.

आणि आता फारुकींच्या कोष्टकातला तो धोका. रेवापाट आणि काळवट यांच्यात सोयरीक ठरली की दोघांचीही धास्ती शून्यावर येते. रेवापाट ३ विरुद्ध ६, काळवट ५ विरुद्ध ६. एका लग्नपत्रिकेने दोघेही उठले. तिनबारीचे हेर छावण्यांपेक्षा मांडवात जास्त हवेत, ते यासाठी.

तह कागदावर

तह कायमचा लिहू नका. बेल्जियमची तटस्थता १८३९ च्या तहाने मोठ्या सत्तांनी मान्य केली होती. हमी देणाऱ्यांतच प्रशिया हे जर्मन राज्य होतं, आणि १९१४ मध्ये जर्मन फौज आत शिरली. कायमच्या कागदावर कुणी परत बसून बोलत नाही. आपल्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतं. जुनं फिटतं, नवं बोलतात, रुसवा असला तर त्या दिवशी निघतो. तिनबारीचे तह तसेच आखाजी ते आखाजी ठेवा. दरवर्षी घासाघीस, दरवर्षी एक प्रसंग तयार.

खंडणी कुणाला द्यायची? दोघांनाही, पाळीने. अँडोरा हा पिरेनीज पर्वतातला चिमुकला देश. १२७८ च्या तडजोडीने त्याचे दोन धनी ठरले, एक उर्जेलचा बिशप आणि दुसरा फ्रान्सकडचा. वर्षाआड एकाला, मग दुसऱ्याला नजराणा जायचा. बिशपाच्या वाट्याला रोकडीसोबत हॅम, चीज आणि कोंबडेही असत. हे विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चाललं. तिनबारी एका साली रेवापाटला सागाच्या तुळया देईल, दुसऱ्या साली काळवटला चाऱ्याचं कुरण. दोघांनाही वाटत राहील की मालक आपण.

वकिलांचे वाडे तीन, एकाच उंचीचे, दरबारापासून मोजून सारख्या अंतरावर. एकाच्या गच्चीवरून दुसऱ्याचं अंगण दिसलं की तक्रार येते. पाणी वेगवेगळ्या विहिरींचं. हत्यार बारीच्या नाक्यावर ठेवून पितळी बिल्ला घ्यायचा. मानाची जागा दर मोसमाला फिरते. यातला एखादा नियम मुद्दाम मोडका ठेवा, उदाहरणार्थ बंदरपट्टीचा वाडा चार हात जवळ. पूर्वी कुणी तरी लाच खाल्ली होती, हे नंतर वापरता येतं.

फौज थोडक्यात: कायमचे २००, बाऱ्यांवर ६०-६० आणि उरलेले शहरात. वेळ पडल्यास हजार माणूस. जास्त ठेवलीत तर शेजाऱ्यांना धाक वाटू लागतो आणि लालचेला निमित्त मिळतं.

एक साल चालवून पाहा

चार डाव. दसरा ते पौष: सीमोल्लंघनानंतर वाटा खुल्या, फौजा हलतात, रोज ४४ बैल. पौष ते होळी: मागण्या, वकील, शेवटी भोंगऱ्या. होळी ते मृग: उन्हाळ्याचे पाहुणे, आखाजीचा तह, पेवं भरणं. पावसाळा: हल्ला नाही, वाट नाही, फक्त आतलं राजकारण आणि कुजणारं धान्य. दर डावाला एका शेजाऱ्याची एक मागणी. दोन फासे टाका. ९ च्या वर आलं तर मागणीसोबत धमकी.

लोकांना खेळायला बसवण्याआधी एकट्याने तीन सालं काढा आणि एका वहीत धान्य, मीठ, बैल आणि दिलेली वचनं असे चार रकाने ठेवा. तिसऱ्या सालीही शहराला घाम फुटला नसेल तर बंदरपट्टीची लालूच दोनने वाढवा किंवा एक पावसाळा कोरडा घाला. पहिल्याच होळीला शहर पडलं तर आकडे बदलायच्या आधी वही तपासा. बहुतेक वेळा मिठाचा रकाना रिकामा असतो.